दुसरा फ्रीड्रिख

परवा नातू सुट्टीला डोंगरकड्याला आला होता. लाइट गेलेली, त्यामुळे मोबाइल बंद आणि आजोबा सुरू! बोलता बोलता फुटबॉलचा विषय निघाला. मी विचारलं, "२०१४ ला पहिल्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीकडून कोण परदेशी खेळले, सांग बरं."

"अनेल्का, ल्युंगबर्ग," तो लगेच म्हणाला.

"आणि मान्युएल फ्रीड्रिख?"

"तो कोण, आजोबा?"

मंडळी, हा जर्मन बचावपटू. माइन्झ आणि लेव्हरकुसेनकडून वर्षानुवर्षं खेळला. २०१३ च्या नोव्हेंबरात डॉर्टमुंडचे बचावपटू जखमी झाले, तेव्हा क्लबविना घरी बसलेल्या या ३४ वर्षांच्या गड्याला बोलावणं गेलं. थोड्याच दिवसांत थेट बायर्नसमोर उभा! सामना ०-३ हरले, तो भाग वेगळा. पुढच्याच वर्षी तो मुंबईला आला. जर्मनीकडून ९ सामने, १ गोल. तोही सान मारिनोला १३-० ने हरवलं, त्यातला. त्याच्याच वयाचा आर्ने फ्रीड्रिख (नात्यातला नव्हे) मात्र देशाकडून ८२ सामने खेळला, २००६ चा विश्वचषक घरच्या मैदानावर खेळला. म्हणजे आडनावातसुद्धा याचा नंबर दुसराच.

अनेल्काचं नाव मोठं झालं ते काही फुकट नाही. गोल करणं अवघडच असतं. पण झालेला गोल सगळ्यांना दिसतो, न होऊ दिलेला कुणाला दिसणार? तो दाखवावा लागतो.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतोय? शाळेत कबड्डीचा संघ माझ्याकडे असायचा. एका वर्षी तालुक्याला आम्ही जिंकलो. स्नेहसंमेलनात मी माइकवरून चढाई करणाऱ्या पोरांचं भरभरून कौतुक केलं. डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा एक पोरगा होता. त्याने घोटा धरला की सुटका नाही. त्याचं नाव घ्यायचं राहून गेलं. पोरगा नवा सदरा घालून पुढे बसला होता. बाप हळदीचं काम टाकून आला होता.

पुढच्या वर्षी तो संघात आला नाही. का, ते मी विचारलंही नाही.

प्रेक्षक विसरले तर त्यांना दोष देता येत नाही, ते टाळ्या वाजवायला आलेले असतात. पण ज्याच्या हातात माइक असतो, मग तो मास्तर असो, बातमीदार असो की घरातलं वडीलधारं माणूस, त्याने विसरू नये. एवढंच माझं मत.

लाइट आल्यावर नातवाने फ्रीड्रिखला मोबाइलवर शोधून काढलं. मला त्या पोराचं नाव अजून पाठ आहे. पण ते ऐकायला त्याचा बाप आता नाही.

असो.