लेकरांसाठी लिहिणाऱ्यांना नुसतं 'अभिनंदन' पुरत नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात पहिली ते आठवीतलं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

18 जून 2025 ला साहित्य अकादमीचे बालसाहित्य पुरस्कार जाहीर झाले. मराठीसाठी नाव आलं ते आपल्या नांदेडच्या डॉ. सुरेश सावंत सरांचं. पुस्तक 'आभाळमाया', बालकवितांचं. 50 हजार रुपये आणि मानचिन्ह असा हा पुरस्कार 14 नोव्हेंबरला, बालदिनी, दिल्लीत देण्यात आला. त्याआधीच्या वर्षी, 2024 ला, हाच पुरस्कार भारत सासणे यांना 'समशेर आणि भूतबंगला'साठी मिळाला होता. सासणे म्हणजे 2022 च्या एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला झालेल्या 95 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. लागोपाठ दोन वर्षं बालसाहित्याची मोठी बातमी या ना त्या वाटेनं आपल्या भागाला येऊन भिडली.

मी बातमीदार माणूस. पुरस्काराची बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते हे मला माहीत आहे. या बातमीचं मात्र तसं झालं नाही. लेकरांसाठी लिहिणारे जे चार-दोन लोक माझ्या ओळखीचे आहेत, झेडपीचे गुरुजी, एक अंगणवाडीताई, एक कृषी खात्यातून रिटायर झालेले काका, ते पुढं कितीतरी दिवस ती एकमेकांना सांगत होते. 'आपल्यातल्याच एकाला मिळालं' असं सांगत होते. त्यातल्या काहींची सरांशी साधी ओळखही नव्हती. तरी 'आपल्यातला'.

हा 'आपल्यातला' शब्द का येतो, ते समजून घ्यायला पाहिजे.

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला काहीतरी मिळतं. टीकाकार असतात, परिसंवाद असतात, कॉलेजात पुस्तक अभ्यासक्रमाला लागतं. लेकरांसाठी लिहिणाऱ्याला यातलं फारसं काही नसतं. पुस्तक आलं तर परीक्षण येत नाही. जिल्ह्याच्या पेपरांतून मुलांची पानं कमी होत गेली, त्या जागी क्लासच्या जाहिराती आल्या. प्रकाशक बऱ्याचदा लेखकाकडंच पैसे मागतो. रंगीत चित्रं टाकायची म्हटलं की खर्च वाढतो, म्हणून काळ्या-पांढऱ्यात भागवायचं. शेवटी पाचशे प्रतींचे गठ्ठे घरातल्या दिवाणाखाली जातात आणि पाहुण्यांना फुकट वाटले जातात. अशा लेखकाला उभं ठेवतो तो दुसरा तसाच लेखक. त्यांच्यासाठी संस्था म्हणा, ऑफिस म्हणा, सगळं तेच.

आणि हे लोक पूर्णवेळ लेखकही नाहीत. अकादमीच्या यादीतली नावं बघा. 2019 ला 'जंगल खजिन्याचा शोध'साठी सन्मान मिळालेले सलीम मुल्ला वनखात्यात नोकरी करणारे. 2020 चे 'आबाची गोष्ट'वाले आबा महाजन महसूल खात्यातले. 2023 चे एकनाथ आव्हाड मुंबईत शिक्षक. आपले सावंत सर शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले. दिवसभर हजेरीपट, पंचनामे, खिचडीचा हिशोब आणि रात्री लेकरांची कविता, असा हा कारभार आहे.

मग हे एकमेकांना देतात काय? बातम्या देतात. दिवाळी अंकाची मुदत कधी संपते. कोणता संपादक उत्तर देतो आणि कोणता सहा महिने गप्प बसतो. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे वेगळे विभाग असतात, तिथं पुस्तक कसं पाठवायचं. साहित्य आणि संस्कृती मंडळाची पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान योजना आहे, तिचा अर्ज कधी निघतो. पुण्यात बसणाऱ्याला ही माहिती चहाच्या टपरीवर मिळते. कंधार, देगलूर, निलंगा, अहमदपूरला बसणाऱ्याला ती कुणीतरी आठवणीनं सांगावी लागते. न सांगितलेल्या एका तारखेपायी चांगलं पुस्तक वर्षभर मागं पडतं.

जगभर हे असंच आहे. 1971 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला लिन ऑलिव्हर आणि स्टीफन मूझर या दोन तरुण लेखकांनी मुलांसाठी लिहिणाऱ्यांची संघटना काढली. आज तिचे सदस्य कितीतरी देशांत आहेत. योगायोग बघा, त्याच 1971 च्या नोव्हेंबरात आपल्याकडं बालभारतीनं 'किशोर' मासिक सुरू केलं. खेड्यातल्या लेखकाला 'तुझी कविता छापतोय' असं सांगणारं एक हक्काचं ठिकाण झालं. किशोरचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. किती घरांत उघडले जातात, हे ज्यानं त्यानं आपापल्या घरात बघावं.

आपल्या भागाला या आधाराची गरज जरा जास्तच आहे, त्यालाही कारण आहे. तिकडं ब्रिटिश मुलखात विनायक कोंडदेव ओक 1881 पासून मुलांसाठी 'बालबोध' मासिक चालवत होते. आपण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. 1918 चं उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दूतून शिकवणारं. आपल्या आज्या-पणज्यांना गोष्टी भरपूर येत होत्या, पण मराठीतून लेकराच्या हातात द्यायला पुस्तक नव्हतं. ती कसर अजून भरून निघायची आहे.

आता मुद्द्याचं बोलतो, आणि काही मित्रांना ते टोचेल.

या लिहिणाऱ्या मंडळींत एक सवय वाढली आहे. कुणी काहीही टाकलं की खाली 'वा सर, अप्रतिम', फुलांचे गुच्छ, हात जोडलेले. कविता वाचली की नाही देव जाणे. पुस्तक प्रकाशन झालं की शाल, श्रीफळ, फोटो. समोर खुर्च्यांवर सगळी मोठी माणसं. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिलं ते लेकरू सभागृहात एकही नाही!

हौसला द्यायलाच पाहिजे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी झोडपलं तर तो लिहायचं सोडून देतो. पण नुसत्या गोड बोलण्यानं पुस्तक सुधारत नाही. आणि लेकरं आपल्यासारखी भिडस्त नसतात. ओळखीच्या एका गुरुजींनी आपली नवी कविता तिसरीच्या वर्गात वाचली. चौथ्या कडव्याला एक पोरगी म्हणाली, 'गुर्जी, आजून किती ऱ्हायलीय?' गुरुजींनी घरी येऊन तीन कडवी कापली. त्या पोरीनं जे केलं ते मित्रानं करायला पाहिजे होतं. 'सर, सुरुवात झकास आहे, पण शेवटी तुम्ही उपदेश करायला लागलात' एवढं एक वाक्य शंभर गुच्छांपेक्षा कामाचं. उपदेश हाच आपल्या बालसाहित्याचा जुना आजार आहे आणि तो एकमेकांना सांगितल्याशिवाय जाणार नाही.

हे एवढं महत्त्वाचं का? तर आपल्या लेकरांची गोष्ट दुसरं कुणी लिहिणार नाही म्हणून.

लातूरच्या लेकराला येळवस माहीत आहे. कडब्याची कोप, भज्जी, आंबिल, शेतात पंगत. ते लेकरू कोणत्या पुस्तकात आहे? नांदेडच्या पोरानं माळेगावच्या जत्रेतले घोडे पाहिलेत, गोदावरीचा पूर पाहिलाय. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत 10 वाघिणी आणि 5 लाख लिटर. तेव्हा घागर घेऊन रांगेत उभी असलेली दहा वर्षांची पोरगी आज वीस वर्षांची झाली. तिला आपली ती गोष्ट पुस्तकात वाचायला मिळाली का? 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आजी सांगते, पण आज सात-आठ वर्षांच्या नातवाला समजेल असं तो कोण लिहिणार? पुण्या-मुंबईचा लेखक कितीही मोठा असला तरी हे त्याच्या अंगणातलं नाही. हे लिहील तर औशाची बाई, लोह्याचा गुरुजी. आणि ते कंटाळून थांबले तर आपल्या लेकरांना आपला गाव पुस्तकात कधीच भेटणार नाही.

आपण काय करतोय? 'लातूर पॅटर्न'चा आपल्याला अभिमान आहे, असायलाही हरकत नाही. गरिबाघरची पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली ही खोटी गोष्ट नाही. पण आता पाचवी-सहावीपासून फाउंडेशन कोर्स लागतोय. त्याची फी हजारांत भरताना आपण 'महाग' म्हणत नाही. शंभर रुपयांचं गोष्टीचं पुस्तक हातात घेतलं की मात्र मागचं पान उलटून किंमत बघतो.

म्हणून चार साध्या गोष्टी सुचवतो.

एक. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही पाहिजेत. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारा की पुस्तकांच्या कपाटाची चावी कुणाकडं असते आणि ते आठवड्यातून किती वेळा उघडतं. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापुरतं उघडत असेल तर तसं स्पष्ट बोला.

दोन. गावातल्या अनुदानित सार्वजनिक वाचनालयानं आपल्या जिल्ह्यातल्या लेखकांची बालपुस्तकं एका वेगळ्या फळीवर ठेवावीत. त्याला शासननिर्णय लागत नाही.

तीन. वाढदिवसाला पाण्याची बाटली आणि कंपास पेटी पुष्कळ झाल्या. आपल्या भागातल्या लेखकाचं एक पुस्तक विकत घ्या. फुकट मागू नका. 'सर, एक प्रत द्या की' म्हणणारे सगळे पगारदार असतात, हे मी डोळ्यानं पाहिलंय.

चार, खास लिहिणाऱ्यांसाठी. पुस्तक छापायच्या आधी एका वर्गात वाचा. एकमेकांच्या पुस्तकाचं 'अभिनंदन' लिहिण्याआधी दोन पानं वाचा आणि एक आवडलेली, एक खटकलेली गोष्ट सांगा. तारखा, पत्ते, योजना स्वतःपुरत्या ठेवू नका. आणि पुढच्या प्रकाशन सोहळ्याला पहिल्या दोन रांगा लेकरांसाठी राखा. पाहुणे मागं बसले तर काही बिघडत नाही.

सावंत सरांच्या पुरस्कारानं एक तर पक्कं झालं. नांदेडात बसून लेकरांसाठी लिहिलं तरी ते दिल्लीपर्यंत जातं. आता ते शेजारच्या गल्लीतल्या लेकरापर्यंत जायला पाहिजे, आणि ते काम पुरस्कार समितीचं नाही, तुमचं-माझं आहे.

खाली कमेंटमध्ये 'छान पोस्ट' लिहू नका. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली इकडच्या लेखकाचं तुमच्या लेकराला आवडलेलं एक पुस्तक असेल तर त्याचं नाव लिहा. नसेल तर लेकराचं वय लिहा, ज्यांना माहिती आहे ते पुस्तक सुचवतील. सगळी नावं गोळा करून येत्या रविवारी मी यादी इथंच टाकतो.