‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाचा इतिहासाशी हिशेब

१/ जानेवारी २०१८, औरंगाबाद. तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरवला. युक्तिवाद असा : माकडाचा माणूस होताना पूर्वजांपैकी कोणीच पाहिले नाही, सबब अभ्यासक्रम बदलावा.

२/ हाच निकष मराठवाड्याच्या इतिहासाला लावून पाहावा. लातूर जिल्ह्यातील खरोशाची लेणी कोरली जात असताना पाहणारा आज कोण आहे? नांदेड जिल्ह्यातील कंधारचा किल्ला उभारताना कोणी पाहिला? तरीही शैली, बांधणी आणि शिलालेख साक्ष देतात.

३/ दुसरा आक्षेप डोळ्याचा : इतकी गुंतागुंतीची रचना टप्प्याटप्प्याने कशी घडेल? अर्धवट डोळा काय कामाचा? ही शंका डार्विनने १८५९च्या ग्रंथात स्वतःच मांडली आणि लगेच उत्तरही दिले. विरोधक शंका तेवढी सांगतात, उत्तर गाळतात.

४/ ते टप्पे आजही जिवंत आहेत. प्लॅनेरियाला उजेडाची दिशा तेवढी कळते, आणि तेवढ्यावर त्याचे भागते. नॉटिलसच्या डोळ्याला भिंगच नाही. तो सूचिछिद्र कॅमेराच. मानवी डोळ्यात मज्जातंतू दृष्टिपटलाच्या पुढून जातात, म्हणून अंधबिंदू राहतो. ऑक्टोपसच्या डोळ्यात तो नाही.

५/ देशातील तीन विज्ञान अकादमींनी मंत्र्यांचे विधान तेव्हाच खोडून काढले. तरीही २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. लातूर-नांदेडात ‘नीट’ची तयारी करणाऱ्यांना तो बारावीत भेटेल. दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्यांना कोठे भेटणार?

६/ श्रद्धा ज्याची त्याने जपावी. मात्र पुरावा समोर असताना साक्षीदारच मागणाऱ्याने जीवशास्त्रासोबत इतिहासाचेही दप्तर बंद करावे.