खेकड्याची नांगी आणि उसाचा केवडा

चुनखडीच्या रानात उसाचा कोवळा पाला पिवळा-पांढरा पडला, की आपण म्हणतो, 'केवडा पडला'. पुष्कळ जण लगेच युरियाची गोणी फोडतात. पैसा जातो आणि पाला पिवळाच राहतो.

म्हणून आधी पान नीट पाहावे. नत्र कमी पडले, तर खालची जुनी पाने आधी पिवळी होतात. लोह कमी पडले, तर शेंड्याकडची नवी पाने पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

गंमत अशी, की त्या मातीत लोह भरपूर असते! पण चुन्यामुळे ते पाण्यात विरघळत नाही. कणगी भरलेली, पण तिला कुलूप, अशी पिकाची गत होते. वरून नुसते हिराकस टाकले, तरी तेही त्याच कुलपात जाते.

या कुलपाची किल्ली म्हणजे 'लिगंड'. धातूला धरून ठेवणाऱ्या रेणूला रसायनशास्त्रात हे नाव आहे. काही लिगंड धातूला अनेक बाजूंनी पकडतात, खेकडा नांगीत बोट पकडतो तसे. नांगीच्या ग्रीक शब्दावरूनच अशा जोडीला 'चिलेट' म्हणू लागले. नांगीतले लोह चुन्याच्या तावडीत सापडत नाही; ते विरघळून मुळाशी पोचते.

पण सगळ्याच नांग्या सारख्या घट्ट नसतात. जमिनीचा सामू ७ च्या वर गेला, की 'ईडीटीए' लोह सोडून देतो. 'ईडीडीएचए' मात्र सामू ९ झाला तरी सोडत नाही. तेव्हा चुनखडीच्या जमिनीत चिलेट मुळाशी द्यायचे असेल, तर पाकिटावर दुसरे नाव आहे ना, हे वाचूनच पैसे मोजा. पहिले फवारणीला चालते.

दुसरे महाग पडते, हे खरे. मग घरचा उपाय आहेच. एकरी १० किलो हिराकस दसपट कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावा राखून, पाच-सहा दिवस सावलीत मुरू द्यावे आणि मग सरीत द्यावे. शेणखतातली सेंद्रिय आम्ले हेही लिगंडच! गव्हाची मुळे तर लोह कमी पडले, की असे लिगंड स्वतःच मातीत सोडतात.

आपल्या रक्तातले लोहही अशाच पकडीत असते. तिथे त्याला चार बाजूंनी धरणारे हात नत्राचे असतात.

तेव्हा मंडळी, गोणी फोडण्याआधी शेंड्याचे पान पाहा आणि माती तपासून सामू व चुन्याचे प्रमाण समजून घ्या.