लोहाराचा पोर

ज्याच्या नांवाची फटफटी आज आमच्या खेड्यांतून धांवते, तो सोइचिरो होंडा जपानांतील डोंगरपायथ्याच्या गांवचा. जन्म १९०६ सालचा. बाप लोहार, आई विणकाम करणारी. पंधराव्या वर्षीं टोकिओस मोटारदुरुस्ती शिकावयास गेला, तों मालकानें हातीं पान्याऐवजीं आपलें तान्हें मूल दिलें! आमच्या कारागिरांच्या पोरांस ह्याचें नवल वाटणार नाहीं. त्यानें मूल सांभाळलें, विद्याही घेतली, आणि १९२८ सालीं हमामात्सु शहरीं दुरुस्तीचें दुकान मांडलें. विद्या जन्मावरून ठरविणारांस आम्ही पुसतों, ही कोणत्या सोवळ्यांतून आली? दुकानदाराचा पुढें कारखानदार झाला. १९७३ सालीं गादी सोडली. तीवर पोटच्या मुलास बसविलें नाहीं. मग देशभर हिंडून कामगारांचे आभार मानले. १९९१ सालीं ८४ वर्षांचा होऊन वारला. डाव्या हातावर कामाचे वण अखेरपर्यंत होते.