घरचा जमाखर्च : वीस लाखांचा उंबरठा

दिवाळी अंकात रुग्णालयाच्या बिलाचा विषय काढणे अशुभ आहे, असे आमच्या सौभाग्यवतीचे मत पडले. फराळाचे ताट पुढे असताना औषधांचा वास कोणाला हवा? पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी वह्या पुजतो, तेव्हा त्यात येणे असते तसे देणेही असतेच. तेव्हा वाचकांनी चकली बाजूला ठेवू नये. चकली खाता खाताच हे वाचावे.

गेल्या वर्षी श्रावणात अकोल्याहून मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, यांना दवाखान्यात नेलं. ताप होता चार दिवस, आता दम लागून राहिला." साध्या तापाचा न्यूमोनिया झाला होता. आम्ही दोघे अमरावतीहून मिळेल त्या गाडीने निघालो. पोचलो तेव्हा साडभाऊ अतिदक्षता विभागात, नाकाला नळी, आणि मेहुणी बाहेरच्या बाकावर हातात एक कागद घट्ट धरून बसलेली. कागद विम्याचा होता. त्यावर मोठ्या अक्षरांत वीस लाख रुपये लिहिलेले होते. ती मला म्हणाली, "पैशाची काळजी नाही. पोरानं वीस लाखाचा विमा काढून ठेवला आहे." मलाही हायसे वाटले. खोटे कशाला सांगू, थोडा हेवाही वाटला. आमचा विमा अवघा तीन लाखांचा!

साडभाऊ नवव्या दिवशी बरे होऊन वॉर्डात आले, बाराव्या दिवशी घरी जायला निघाले. बिल झाले दोन लाख सत्तर हजार. विमा कंपनीचे उत्तर आले : देय रक्कम शून्य.

शून्य! साडभाऊ तेव्हाच उठून बसले. "वीस लाखाचा विमा अन् एक रुपया नाही? हे काहून बाप्पा?" वांग्याच्या भावावरून भाजीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालणारा हा माणूस, पण विम्याच्या कागदाची घडी त्याने वर्षभर उलगडलीच नव्हती. मीही माझ्या कागदाची उलगडली नव्हती, पण ती गोष्ट पुढे येईलच. त्या दिवशी मेहुणीच्या पाटल्या बँकेत तारण गेल्या, तेव्हा दवाखान्याचे बिल चुकते झाले.

रात्री तो कागद मी नीट वाचला. वीस लाखांच्या खालीच, बारीक टायपात, एक ओळ होती : डिडक्टिबल, रुपये तीन लाख. मराठीत याला वजावट म्हणतात, पण त्या शब्दाने बोध होत नाही; दुकानात दहा टक्के वजावट मिळते तसे काहीतरी आपले भले होणार असे वाटते. मी याला उंबरठा म्हणतो. पुराचे पाणी उंबरठ्यापर्यंत चढेतो ते तुमचे तुम्ही पाहा; उंबरठा ओलांडून वर येईल तेवढेच पाणी उपसायला कंपनी येणार. साडभाऊंचा उंबरठा तीन लाखांचा आणि पाणी चढले पावणेतीन लाखांपर्यंत. कंपनीने फसवले नव्हते. वीस लाखांचा विमा इतक्या थोड्या हप्त्यात का मिळतो, याचे उत्तरच तो उंबरठा होता. बहुतेक आजारांची बिले त्याच्या आतच मिटतात.

मग पोराने असा विमा घेतलाच कशाला? तोही काही मूर्ख नव्हे, पुण्याला चांगल्या नोकरीत आहे. झाले होते असे की, त्याच्या पहिल्या कंपनीच्या सामूहिक विम्यात आईवडिलांचाही तीन लाखांपर्यंतचा खर्च येत असे. त्याने हिशेब केला : पहिले तीन लाख कचेरीचा विमा देईल, वरचे हा देईल. हिशेब बिनचूक होता. पण जून महिन्यात पोराने नोकरी बदलली. नव्या ठिकाणी पगार जास्त. विमा मात्र फक्त तो, बायको आणि मुलगी यांचाच. जुना विमा नोकरीबरोबर संपला. खालची पायरी निघाली आणि वरची अधांतरी राहिली, हे त्याच्या ध्यानी आले नाही, आणि अकोल्याला कोणी सांगण्याचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी सामूहिक विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाण्याची वाट असते, पण ती वेळेवर चालावी लागते. ज्यांची मुले पुण्या-मुंबईला नोकऱ्या बदलत असतात त्यांनी, "पगार किती वाढला?" या प्रश्नाबरोबरच, "आमचा विमा राहिला का?" हाही प्रश्न विचारीत जावा. पोरांना राग येत नाही, मी विचारून पाहिले आहे.

इथे एक बारकावा आहे आणि तो पैशांचा आहे. उंबरठ्याचे विमे दोन जातींचे असतात. एकाला टॉप-अप म्हणतात, दुसऱ्याला सुपर टॉप-अप. नावात एका शब्दाचा फरक, म्हणून लोक एकच समजतात. टॉप-अपमध्ये दर आजाराला उंबरठा नव्याने मोजतात. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बिले एकावर एक रचून उंबरठा एकदाच मोजतात. पोराने निदान सुपर टॉप-अप घेतले होते. याचे महत्त्व पौषात कळले.

पौषात साडभाऊ न्हाणीघरात घसरले. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, बिल एक लाख नव्वद हजार. "पुन्हा शून्यच येणार," असे म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. मी मेहुणीला विचारले, "श्रावणातली बिले कुठे आहेत?" साडभाऊंनी ती रागाने रद्दीत टाकली होती. मेहुणीने ती रद्दीतून काढून शंकरपाळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती! डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल, पैसे भरल्याची पावती, सारे काही. तेलाचे दोन डाग पडले होते एवढेच.

आता हिशेब पाहा. श्रावणाच्या बिलातले हातमोजे, मास्क, रुग्णाच्या फाइलीचे पैसे असले बारा हजार रुपये विम्यात बसत नाहीत. अशा न मिळणाऱ्या वस्तूंची अडुसष्ट नावांची यादीच आहे. उरले दोन लाख अठ्ठावन्न हजार. पौषाच्या बिलातून तसेच आठ हजार गेले, उरले एक लाख ब्याऐंशी हजार. बेरीज चार लाख चाळीस हजार. त्यातून तीन लाखांचा उंबरठा वजा जाता कंपनीने एक लाख चाळीस हजार दिले. एकूण चार लाख साठ हजारांपैकी तीन लाख वीस हजार घरचे गेले, हे काही सुख नव्हे. पण साधा टॉप-अप असता तर दोन्ही बिले आपापल्या जागी तीन लाखांच्या आत, आणि दोन्ही वेळा शून्य. उंबरठ्याखालचे पैसे दुसऱ्या विम्याने दिले काय किंवा पाटल्या तारण ठेवून तुम्ही दिले काय, मोजताना सारखेच. मात्र दिल्याचा पुरावा पाहिजे. म्हणून बिल उंबरठ्याच्या आत असले तरी कंपनीला कळवावे आणि कागद जपावे. शंकरपाळ्यांचा डबा चालतो.

आता आमची फजिती. तीन लाखांच्या विम्याचा मला अभिमान होता, कारण त्याला उंबरठा नाही. सौ.च्या पित्ताशयात खडे निघाले तेव्हा इथेच अमरावतीत शस्त्रक्रिया ठरली. खोली निवडताना विचार केला, माहेरची माणसे भेटायला येणार, जरा ऐसपैस असावी. दिवसाला साडेचार हजारांची घेतली. विम्यात खोलीभाड्याची मर्यादा रकमेच्या एक टक्का, म्हणजे तीन हजार, हे मला ठाऊक होते. वरचे दीड हजार, चार दिवसांचे सहा हजार, आपण भरू. त्यात काय मोठेसे?

बिल एक लाख तीन हजार झाले. खोली अठरा हजार. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, परिचारिका मिळून साठ हजार. औषधे पंधरा हजार, तपासण्या सात हजार, आणि न मिळणाऱ्या वस्तू तीन हजार. माझ्या हिशेबाने मला नऊ हजार पडायला हवे होते. पडले एकोणतीस हजार. कारण असे की, खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की नुसते भाडेच नव्हे, खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे इतर आकारही त्याच प्रमाणात कापतात. तीन भागिले साडेचार, म्हणजे दोन तृतीयांश. साठ हजारांचे चाळीस झाले. औषधे आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, तेवढाच दिलासा. माहेरची माणसे आली, ऐसपैस बसली, चहा घेऊन गेली. वीस हजार रुपयांचा चहा मी त्याआधी कधी पाजला नव्हता.

तिसरा प्रकार को-पेमेंटचा. यात प्रत्येक बिलात टक्केवारीने तुमचा वाटा असतो. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना विकावी लागलेली आरोग्य संजीवनी पॉलिसी घ्या, तिच्यात तो पाच टक्के आहे. वडीलधाऱ्यांच्या कित्येक विम्यांत तो याहून बराच मोठा असतो. उंबरठा एकदा ओलांडला की सुटलात, को-पेमेंट मात्र शेवटच्या रुपयापर्यंत बरोबर येते.

रुग्णाच्या पदरी वाटा ठेवणे हा नुसता कंपन्यांचा कावा आहे, असे मला वाटत नाही. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाशी जोडलेल्या गावांत, १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीचा आरोग्य विमा उभा केला. सुगी झाली की कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, जमीनवाल्याने जास्त, भूमिहीनाने कमी. त्या बदल्यात गावात आरोग्यसेवक, आणि अवचित आजाराला रुग्णालयात मोफत उपचार. पण मोतीबिंदू, हर्निया असल्या, आधीपासून ठाऊक असलेल्या दुखण्यात कुटुंबाने खर्चाचा काही वाटा उचलायचा. अटी बारीक टायपात नव्हत्या, गावाच्या बैठकीत ठरत. फरक तिथे आहे. आपल्याकडे सरकारी कंपन्यांचा मेडिक्लेम १९८६ साली आला, तेव्हापासून कागद मात्र जाडच होत गेला.

सारे काही बिघडतच चालले आहे असेही नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के कर उठला. २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे आहे, आणि घरी सोडण्याच्या वेळी रोकडरहित बिलाची मंजुरी कंपनीने तीन तासांत द्यायची आहे. नवा कागद पसंत न पडला तर तीस दिवसांत परत करता येतो. तीस दिवसांत वाचला तर!

आणि एक दार असे आहे की ज्याला उंबरठाच नाही. २०१२ च्या जुलैत राज्याने जी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत आपली अमरावती पहिल्या फेरीत होती. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना, पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत लागू आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचे, उत्पन्नाची अट नसलेले, पाच लाखांचे वय वंदना कार्ड आहे. आपण मध्यमवर्गी मंडळी या योजना 'त्या लोकांच्या' समजतो आणि शिधापत्रिका कपाटाच्या तळाशी ठेवतो. अट एवढीच की रुग्णालय योजनेत असावे आणि उपचार यादीत असावा. साडभाऊंना ज्या रात्री नेले त्या रात्री, दवाखाना योजनेत आहे का, हे आम्हा चौघा शिकलेल्या माणसांपैकी एकानेही विचारले नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो. त्याचे टेबल शोधायचे, एवढेच काम होते. कंपनीशी तंटा झालाच तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपाल आहे, तिथे फी लागत नाही.

बिलात न दिसणारा खर्च मी धरलेलाच नाही. श्रावणात आमच्या अकोल्याच्या सात फेऱ्या झाल्या, पुण्याहून पोराच्या तीन. डबे, रिक्षा, सुनेची बिनपगारी रजा. याला कुठलाच विमा नाही. त्यासाठी मेहुणीने आता टपाल कचेरीत वेगळे खाते उघडले आहे.

परवा आम्ही अकोल्याला गेलो होतो. पाटल्या सुटून आल्या आहेत. पोराने आईवडिलांसाठी तीन लाखांचा वेगळा विमा घेतला, वरचा सुपर टॉप-अप ठेवला. साडभाऊ काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, "साडभाऊ, हा नवा कागद मी आख्खा वाचला. बावीस पानं. अठरावं पान काही समजलं नाही, तेवढं सांगा." आम्ही दोघे चष्मे लावून अठराव्या पानावर बसलो. मेहुणी आतून ओरडली, "तो डबा मोकळा करा आता, मला शंकरपाळे भरायचे आहेत." साडभाऊंनी डबा दिला नाही. तिने शंकरपाळे पितळी डब्यात भरले.