वेबसाइट बनवली, पण तिचं अपडेट कोण करणार?

नवघर रोडवर गाळा घेताना आपण शटर, मीटर, डिपॉझिट सगळं विचारतो. वेबसाइट बनवताना मात्र एकच प्रश्न: "कितीला पडेल?" माझं स्पष्ट मत आहे, त्याच्या आधी विचारा: "अपडेट कोण करणार?"

कारण ऐका. ऑर्डर घेणाऱ्या बऱ्याच साइट आज रिअ‍ॅक्ट आणि त्यावर उभ्या नेक्स्ट जेएस फ्रेमवर्कमध्ये बनतात. ३ डिसेंबर २०२५ ला रिअ‍ॅक्टच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भागात एक भगदाड जाहीर झालं. धोका १० पैकी १०! लॉगिन न करताच हॅकर तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. दुरुस्त आवृत्ती लगेच आली, तीही फुकट. पण हल्लेसुद्धा काही तासांतच सुरू झाले. आणि ११ डिसेंबरला आणखी त्रुटी जाहीर झाल्या, म्हणजे पुन्हा अपडेट!

नवीन कुलूप फुकट मिळालं, तरी ते बसवायला माणूस लागतोच ना?

"साइट चालतेय, मग हात कशाला लावायचा?" असं म्हणू नका. साइट चालू असतानाच ग्राहकांचे नंबर, पत्ते चोरीला जाऊ शकतात. ग्राहक जाब डेव्हलपरला नाही, तुम्हाला विचारणार.

म्हणून एसीची एएमसी करतो, तशी वेबसाइटची करा. लेखी घ्या: सिक्युरिटी अपडेट किती तासांत, बॅकअप कुठे, वर्षाचे पैसे किती. डोमेन आणि होस्टिंग तुमच्याच नावावर ठेवा. बजेट कमी आहे? मग दोन पानं कमी बनवा, पण मेंटेनन्स कापू नका.

आजच डेव्हलपरला फोन लावा!