विश्लेषण : मायक्रोवेव्ह आणि एन्झाइमची जोडी प्रयोगशाळेतच का अडकली?

मधुमेहावरची सिटाग्लिप्टिन ही गोळी आज अनेक घरांत रोज घेतली जाते. जुलै २०२२ मध्ये भारतातील तिचे पेटंट संपले, जेनेरिक गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत झपाट्याने उतरली. किमतीची चर्चा भरपूर झाली; ही गोळी बनते कशी, याची फारशी झाली नाही. मूळ कंपनी मर्क ती आधी ऱ्होडियम या महागड्या धातूच्या साह्याने, उच्च दाबाच्या हायड्रोजनखाली बनवत असे. २०१० मध्ये मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केले की, हे काम आता एक एन्झाइम करते. उत्पादन वाढले, कचरा १९ टक्क्यांनी घटला आणि त्या टप्प्यावर दाबाखालच्या हायड्रोजनची गरजच संपली.

एन्झाइमकडून रसायने बनवून घेण्याच्या या तंत्राला जैवउत्प्रेरण म्हणतात. गेली तीसेक वर्षे संशोधक त्याला आणखी एका गोष्टीची जोड देऊ पाहत आहेत. ती म्हणजे मायक्रोवेव्ह. मंद आचेवर चालणारे एन्झाइम आणि झटपट तापवणारी लहर एकत्र आणली, तर कमी वेळात, कमी कचऱ्यात माल तयार होईल, असा हा विचार. शोधनिबंध ढीगभर आले. कारखाने मात्र जवळजवळ नाहीत.

मायक्रोवेव्हमध्ये नेमके काय होते?

घरातला ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी सोडतो. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण असते. लहरीचे विद्युतक्षेत्र सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलते, रेणू तिच्यामागे वळू पाहतात, एकमेकांवर घासतात आणि उष्णता तयार होते. म्हणून डाळ तापते. रिकामी काचेची वाटी फारशी तापत नाही.

रसायनशास्त्रात या यंत्राचा प्रवेश १९८६ चा. कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी त्या वर्षी स्वतंत्रपणे दाखवले की, तासन् तास उकळावे लागणारे मिश्रण बंद भांड्यात ठेवून साध्या घरगुती ओव्हनमध्ये काही मिनिटांत तयार होते. मग लाटच आली. ‘मायक्रोवेव्ह रेणूंवर काही वेगळीच जादू करते’ अशी समजूतही तिच्याबरोबर आली.

ही जादू तपासायला साधे गणित पुरते. ढोबळ नियम असा की, तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. ८० अंशांवर ८ तास घेणारी अभिक्रिया १६० अंशांवर नेली, तर वेग आठ वेळा दुप्पट, म्हणजे २५६ पट होतो. आठ तासांचे काम दोन मिनिटांत! बंद भांड्यात द्रावक त्याच्या उत्कलनबिंदूच्या वर नेता येतो, एवढेच इथे घडते. मायक्रोवेव्हच्या एका फोटॉनची ऊर्जा रेणूतला साधा बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा लाखो पट कमी असते. तेव्हा ही लहर बंध तोडते वगैरे म्हणणे म्हणजे फुंकर मारून भिंत पाडणे.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाचे ऑलिव्हर कॅपे यांच्या गटाने २००९ मध्ये याची फार सुंदर परीक्षा घेतली. त्यांनी सिलिकॉन कार्बाइडची कुपी वापरली. हा पदार्थ मायक्रोवेव्ह स्वतःच पिऊन टाकतो आणि तापतो; आतल्या द्रवापर्यंत लहर जवळजवळ पोहोचतच नाही. त्याच अभिक्रिया, तेच तापमान, तोच वेळ. एकदा काचेच्या कुपीत, एकदा या कुपीत. डझनभराहून अधिक अभिक्रियांमध्ये दोन्हीकडचे निकाल सारखेच आले. म्हणजे कर्तृत्व उष्णतेचे होते, लहरीचे नव्हे.

मग एन्झाइमच्या बाबतीत वाद का उरला?

कारण इथे वरचे गणित चालत नाही. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावतात, तेव्हा पपईतले पपेन हे एन्झाइम मांसातली प्रथिने तोडते. पातेले उकळले की पपेनचे काम संपते, कारण ते स्वतःच प्रथिन आहे आणि उष्णतेने त्याची घडी उसवते. पाण्यातली बहुतेक एन्झाइम्स ६०-७० अंशांच्या पुढे टिकत नाहीत. १६० अंशांवर नेऊन वेळ वाचवण्याचा मार्ग त्यांना बंद आहे.

पण पाणी जवळपास काढून टाकले तर? १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये झॅक्स आणि क्लिबानोव्ह यांनी डुकराच्या स्वादुपिंडातले लायपेझ जवळजवळ कोरड्या सेंद्रिय द्रावकात १०० अंशांवर तासन् तास चालवून दाखवले. लायपेझ म्हणजे चरबी तोडणारे एन्झाइम. डाग काढणाऱ्या वॉशिंग पावडरीतही ते असते. पाणी कमी असले की ते उलटे काम करते, आम्ल आणि अल्कोहोल जोडून एस्टर बनवते. केळ्यासारखा वास येणारा आयसोअमाइल ॲसिटेट हा असाच एक एस्टर.

या प्रश्नावरचे महत्त्वाचे काम आपल्या माटुंग्यातले आहे. इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजे जुन्या लोकांचे यूडीसीटी, इथे प्रा. गणपती यादव यांच्या गटाने २००४ पासून प्लास्टिकच्या मण्यांवर बसवलेले लायपेझ मायक्रोवेव्हखाली वापरून एस्टर बनवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोन्ही एकत्र आले की ते एकमेकांना बळ देतात, हा त्यांचा निष्कर्ष. २००८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातून आणखी चकित करणारा निकाल आला. उकळत्या झऱ्यांसारख्या जागी राहणाऱ्या सूक्ष्मजीवांची एन्झाइम्स थंड पाण्यात जवळजवळ निद्रिस्त असतात. मिश्रण बाहेरून थंड ठेवून त्यावर मायक्रोवेव्ह सोडली, तेव्हा ती ४० अंशांच्या खालीच कामाला लागली.

याचे स्पष्टीकरण जादूशिवाय देता येते का? काही अंशी येते. तेलकट द्रावकाला मायक्रोवेव्ह फारशी लागत नाही, पण एन्झाइमला चिकटलेल्या पाण्याच्या पातळ थराला लागते. तिथे स्थानिक ऊब तयार होऊ शकते. एस्टर बनताना सुटणारे पाणी निघून जाण्यास मदत झाली, तर अभिक्रिया पुढे सरकते. पण हे तपासायचे तर भांड्याच्या आतले तापमान अचूक हवे. अनेक यंत्रांतला इन्फ्रारेड सेन्सर भांड्याच्या बाहेरची भिंत मोजतो. आत पाच-दहा अंश जास्त असतील, तर ‘मायक्रोवेव्हचा परिणाम’ म्हणून छापलेला आकडा प्रत्यक्षात थर्मामीटरची चूक असू शकतो. आत बुडवलेली फायबर-ऑप्टिक तार आणि सतत ढवळणे, या दोन गोष्टी नसलेल्या निबंधावर विश्वास ठेवायला माझा तरी हात धजत नाही.

आणि घरगुती ओव्हनवर केलेल्या प्रयोगांवर तर मुळीच नाही. त्यात ‘५० टक्के पॉवर’ म्हणजे बहुतेकदा काही सेकंद पूर्ण चालू, काही सेकंद पूर्ण बंद. लहरीची लांबी १२ सेंटिमीटर असल्याने आत गरम आणि थंड पट्टे पडतात. ताटली फिरते ती त्यासाठीच. शिवाय पेट घेणारे द्रावक त्यात ठेवणे सरळ धोक्याचे आहे. काही नामांकित नियतकालिके असे प्रयोग आता स्वीकारत नाहीत. आपल्याकडच्या महाविद्यालयांतून ते अजूनही ‘हरित रसायनशास्त्र’ या नावाखाली होतात. स्वस्त आहेत, हे कारण समजते. पण निष्कर्षाला त्याने बळकटी येत नाही.

कारखान्यात अडते कुठे?

पहिली अडचण खोलीची. पाण्यात ही लहर एक-दोन सेंटिमीटर आत जाईपर्यंत बरीचशी विरते. प्रयोगशाळेतल्या कुपीला तेवढे पुरते. तारापूर किंवा महाडच्या पाच हजार लिटरच्या रिॲक्टरला नाही. त्यात कडेचा थर तापेल आणि मधला माल तसाच राहील. उपाय म्हणजे मोठे भांडे सोडून बारीक नळीतून माल सतत वाहता ठेवणे. एन्झाइमचे मणी नळीत भरले की हे सोयीचेही पडते. पण मग संपूर्ण प्लांट नव्याने उभारावा लागतो, आणि बॅच पद्धतीवर दहा वेगवेगळी उत्पादने काढणाऱ्या लघुउद्योजकाला ते परवडत नाही.

दुसरी अडचण विजेची, जिच्याकडे ‘हरित’ म्हणणारे हमखास दुर्लक्ष करतात. कोळशातल्या १०० एकक उष्णतेपासून साधारण ३५ एकक वीज मिळते. मायक्रोवेव्ह तयार करणारा मॅग्नेट्रॉन त्यातली सुमारे ६५ टक्के लहरीत बदलतो. उरली जेमतेम २३. तोच कोळसा चांगल्या बॉयलरमध्ये जाळला, तर ८० च्या आसपास एकक वाफेत उतरतात. पाइपलाइनमधली गळती धरूनही वाफ पुढे राहते. छतावरच्या सौरविजेने हे चित्र बदलते, पण मग निबंधात तसे लिहावे.

एन्झाइमची बाजू याउलट भक्कम आहे. पेनिसिलिनपासून ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिनचा गाभा वेगळा करायला पूर्वी उणे ४० अंशांचे तापमान आणि क्लोरीनयुक्त घातक रसायने लागत. आज पेनिसिलिन ॲसायलेझ हे एन्झाइम ते काम पाण्यात, कोमट तापमानाला करते. जपानमध्ये ॲक्रिलामाइड १९८५ पासून एन्झाइमने बनते. क्रीममध्ये वापरला जाणारा मिरिस्टिल मिरिस्टेट लायपेझने पारंपरिक पद्धतीच्या निम्म्याहून कमी तापमानाला तयार होतो. एन्झाइमला हवे तसे घडवण्याच्या तंत्रासाठी फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. यापैकी कशालाही मायक्रोवेव्ह लागलेली नाही.

महाराष्ट्राला यात रस का असावा?

डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेले स्फोट आठवावेत. एन्झाइम असते तर ते टळले असते, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. प्रत्येक रसायनाला एन्झाइमचा पर्याय नसतो. पण वस्तीला खेटून असलेल्या औद्योगिक पट्ट्यात जिथे ६० अंश आणि साध्या दाबावर काम होऊ शकते, तिथे २०० अंश आणि दाबाखाली ते करत राहण्याचे समर्थन अवघड आहे.

केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ रोजी मंजूर केलेल्या ‘बायोई३’ धोरणात जैवआधारित रसायने आणि एन्झाइम्सना प्राधान्य आहे. या निधीतले पैसे आणखी शंभर कुप्यांतल्या एस्टरवर जाऊ नयेत. ते देशात एन्झाइम तयार करून मण्यांवर बसवण्यावर, ते मणी किती फेऱ्या टिकतात हे मोजण्यावर आणि नळीतून वाहणाऱ्या पथदर्शी प्रकल्पांवर खर्च व्हावेत. मायक्रोवेव्हचे प्रस्ताव आले, तर त्यांच्याकडून दोन आकडे आधी मागावेत : भांड्याच्या आत मोजलेले तापमान आणि प्लगपाशी लावलेल्या मीटरवर प्रतिकिलो मालामागे पडलेली युनिट.